आमच्या बागेला साबण चालत नाही

— अगं अगं, तिथे नक्को पाय ठेवूस, तिथे काल राजगिरा पेरलाय! दिसत नाही? दिसायचा नाहीच, वरून वाळला पाला पसरून घेतलाय ना मी — उन्हाळ्यात माती उघडी ठेवायची नाही, पहिला नियम. ये, अशी या विटांवरून ये. साडी सांभाळ. सवय नाही वाटतं साडीची? राहू दे, कुणाला असते आजकाल, मी काही त्यावरून परीक्षा घेणार नाही, मी त्यातली नाही. तुझे आईबाबा बसलेत खाली ह्यांच्याशी बोलत, बसू देत, हे एकदा रेल्वेतल्या नोकरीच्या गोष्टी सांगायला लागले की पोहे निवेपर्यंत कुणी उठत नाही. तोवर आपण दोघी. हौ, कळतंय मला तू काय विचारायलीस डोळ्यांनी. रीत काय असते? मुलाला आणि मुलीला गच्चीवर पाठवायचं, जरा आपसात बोलू द्यायचं. बरोबर. तुझी आई म्हणालीच मघाशी, जाऊ द्या दोघांना वर. पण मी म्हटलं, ओंकार काय बोलणार? तो बोलतच नाही. मागे त्या पल्लवीचं स्थळ आलं होतं, तिला घेऊन आला वर, तर नुसता कठड्याला टेकून उभा. शेवटी बिचारी विचारते, हे कसलं झाड — आणि हा म्हणतो, आईला विचारा. मग मला सांग, मधला टप्पा कशाला? विचारायचं ते मलाच विचार. आणि तो आहेच की इथे. तो बघ, टाकीच्या पलीकडे, पाइप टाकायलाय. नवा शर्ट घालून बसलाय मातीत, मी म्हटलं बदल, तर नाही. हात नक्को करूस त्याला, काम करू दे. पाहुणे आले म्हणून ऊन थोडंच थांबतं?

तुम्ही पुण्याचे, तुम्हाला उन्हाळा म्हणजे काय ते माहीतच नाही. रागावू नक्को. पुण्यात दुपारी तापलं तरी संध्याकाळी वारा सुटतो. इथे विद्यानगरात संध्याकाळीसुद्धा या फरशीवर पापड भाजून निघेल. आमच्याकडचे तेलुगू लोक म्हणतात, शिवरात्र झाली की थंडी शिव शिव म्हणत निघून जाते. गेलीच. आता उगादी, म्हणजे आपला पाडवा, आला की बघ. म्हणून ही सगळी धावपळ. कुंड्या सगळ्या विटांवर चढवल्या, नाहीतर खालून मुळं शिजतात. फरशीला चुना लावला — ओंकारनंच लावला, दोन रविवार वाकून होता. वर हिरवी जाळी बांधली, तीही त्यानंच. पश्चिमेच्या कठड्याला उंच झाडं, म्हणजे मावळतीचं तिरपं ऊन ती आपल्या अंगावर घेतात आणि मागची लहान रोपं सुखात. त्यांना मी आमचे थोरले म्हणते. सोसायचं कुणीतरी, तेव्हा बाकीचे वाढतात. घराचं पण तेच असतं की.

आता हे रोप बघ. मिरची. नर्सरीतून आणली तेव्हा कशी होती, तजेलदार, नखरेल. तिला आणून थेट उन्हात ठेवलं असतं तर दुपारपर्यंत मान टाकली असती. मग? मग हल्लू हल्लू. पहिल्यांदा जिन्याच्या सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग थोडं अजून. नव्या जागेची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो गं, मी समजून घेते. माझ्यासारखं समजून घेणारं माणूस — असो, आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये. पण एकदा का रोप रुजलं, की मग त्याची जागा बदलायची नाही. कुंडी इकडची तिकडे केली की ते रुसतं, फुलं गाळतं. रुजायचं म्हणजे रुजायचं. तू गच्चीबावलीत राहतेस ना, मैत्रिणींबरोबर? भाड्याचं घर. तेच म्हणायलेय मी. ते नर्सरीतलं पिशवीतलं रोप. — हो, तो दोडका. अरे वा! पानावरून ओळखलास? फूल पण नाही आलं अजून. पुण्याची असून! मी म्हटलं नव्हतं ह्यांना, या मुलीत काहीतरी आहे? तुझं स्थळ मीच निवडलं बरं का. म्हणजे ओंकारनं फोनवर दाखवलं, इथल्या मराठी मंडळाच्या वधूवर ग्रुपवर आलंय म्हणाला — पण बोट ठेवलं ते मी. इतक्या मुली आल्या आणि गेल्या, कुणी नोकरीचं कारण दिलं, कुणी काहीच दिलं नाही, नुसत्या दिसेनाशा झाल्या. तेहतीस पूर्ण झाली त्याला. आता ही तरी हो म्हणू दे म्हणून मी संकष्टी धरलीय. तुला सांगू नये खरं. सांगून गेले.

बरं, एक विचारू का? मनात धरू नक्को. तू साबण कुठला वापरतेस?

हसतेस काय, महत्त्वाचं आहे ते. आमच्या बागेला साबण चालत नाही. उन्हाळ्यात इथे पाण्याची काय तऱ्हा असते ठाऊक आहे ना, बोअर आटते, नळाला एक दिवसाआड पाणी, बाकी टँकर — मग बागेला द्यायचं काय? आंघोळीचं पाणी! न्हाणीघरातलं, बेसिनचं सगळं पाणी खाली पिंपात जमतं आणि तिथून बादल्यांनी वर. पण त्यात साबण गेला की माती मेली. म्हणून होळीपासून मृगापर्यंत आमच्या घरात साबण बंद. बेसन लावायचं अंगाला. बेसन, हळद, केसांना रिठा. हे पंधरा दिवस कुरकुरले, मग गप्प झाले. ओंकार तर काहीच म्हणत नाही. ऑफिसात कुणीतरी विचारलं म्हणे त्याला, तुला भज्यांचा वास का येतो. मी म्हटलं सांग अभिमानानं, सेंद्रिय आहे म्हणून! आज सकाळी तुम्ही येणार म्हणून मी बेसिनवरची वडी पण उचलून ठेवली. तुझे बाबा हात धुवायला गेले तर बिचारे इकडे तिकडे बघून नुसत्या पाण्यानं धुवून आले, सज्जन गृहस्थ आहेत. पण तुझ्या आईनं — सांगू की नको? — पर्समधून ती छोटी बाटली काढली, फेस केला, मला बैठकीत वास आला लव्हेंडरचा. ते सगळं गेलं पिंपात! पिंपातून दुधीला. मी काही बोलले का? नाही बोलले. पाहुण्यांना बोलायचं नसतं. पण सून म्हणून येणाऱ्या मुलीनं आधी जाणून घेतलेलं बरं. आणि शाम्पू पण. आणि ते चेहऱ्याला लावायचं असतं ना रात्रीचं, ते पण. धुतल्यावर पाण्यातच जातं शेवटी.

नाही गं, औषध नाही, खत नाही, काही नाही. जीवामृत — शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, पिंपात घालून ढवळायचं. वास येतो, पण चांगला वास आहे तो. शेजारचे हिम्मतराव तक्रार करून आले, त्यांना मी वांगी पाठवली, गप्प झाले. कीड पडली की आंबट ताक फवारायचं, कडुनिंबाचा पाला. मंडळाच्या ग्रुपवर मी रोज सकाळी एक सल्ला टाकते — शंभर टक्के सेंद्रिय, शंभर टक्के — म्हणजे, मागच्या वर्षी टोमॅटोवर पांढरी माशी आली, ताकाला ऐकेना, दुसऱ्या दिवशी ग्रुपवरच्या बायका बाग बघायला येणार, तेव्हा मी आपलं ते घरातलं डासांचं — एकदाच! फुस्स, एवढंच. लांबून. आणि ते टोमॅटो आम्ही खाल्ले नाहीत, त्या बायकांनाच दिले. हे कुणाला सांगू नक्को.

काय? बादल्या कोण आणतं वर? ओंकारच की. मला कुठे जमतंय, माझे गुडघे. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय. — आज? आज चढले, हो, आज तू होतीस ना बरोबर, उमेद वाटली. एरवी तोच. पहाटे उठून उजाडायच्या आत एकदा पाणी, ऑफिसातून आला की पुन्हा एकदा, शनिवार-रविवारी दुपारी वर येऊन बघायचं, जाळी सरकली का, कुठली कुंडी सुकली का. किती जीव लावलाय त्यानं या बागेला! लोक विचारतात, तुमचा मुलगा परदेशी कसा नाही गेला, सगळ्यांचे गेले. मी म्हणते, त्याला माती सोडवत नाही. आणि खरंच आहे ते. जर्मनीला बोलावलं होतं त्याला, माहीत आहे? एम.टेक. झाल्या झाल्या. व्हिसा आला होता, कपडे पण शिवून झाले होते. तेव्हा या गच्चीवर काय होतं? काही नव्हतं. एक तुळस आणि वाळवणाच्या दोऱ्या. त्याच आठवड्यात माझ्या मनात आलं की आपण भाज्या लावाव्यात. तसं योगायोगानंच आलं. मी म्हटलं, बाळा, जायच्या आधी एवढे दोन ड्रम कापून वर चढवून दे. दिले त्यानं. मग म्हटलं, आता माती. मग माती आली तर रोपं. रोपं आली तोवर मार्च लागला, मी म्हटलं, अरे, उन्हाळा तोंडावर आलाय, ही एवढीशी पोरं, यांना कोण पाणी घालणार, मी तर अशी. जा म्हणाले मी, नाही कुठे म्हटलं? जा, पण पाऊस पडल्यावर जा. पावसापर्यंत जर्मनीवाले थांबले नाहीत. त्यांचं त्यांना.

मग पुण्याची नोकरी आली. ती पण मार्चमध्येच आली, काय माणसं असतात बघ, नोकऱ्या द्यायला यांना उन्हाळाच सापडतो. त्या वेळी मी काही म्हणालेच नाही. शप्पथ. नुसती वर येऊन वांग्यांपाशी बसले, भर दुपारी. हेच घाबरून आले वर मला न्यायला. ओंकारनं दुसऱ्या दिवशी फोन करून नाही सांगितलं, आपणहून. मी विचारलं पण नाही. दर उन्हाळ्यात बाग वाढवते मी थोडी. यंदा गवार घेतलीय, मयाळू घेतलाय, ती पलीकडे अंबाडी — तिला इथे गोंगुरा म्हणतात, ती उन्हाला भीत नाही, चांगली चिवट आहे, माझ्यासारखी. आणि यंदा त्यानंच मनावर घेतलं बघ, ते ठिबक. गेले किती रविवार टाकीपासून प्रत्येक कुंडीपर्यंत बारीक नळी टाकायलाय, वर ते घड्याळासारखं यंत्र बसवायचंय, ठरल्या वेळी आपोआप पाणी. आई, तुला दगदग नको म्हणाला. मी म्हटलं, मला कसली दगदग, तू असताना? तर हसला. तो हसला की समजायचं मनात आलंय. श्रावणबाळासारखा मुलगा आहे गं. आजकाल कुठे मिळतो?

म्हणून मला सून पण तशीच हवी. जास्त काही नाही. तुझं घरून काम असतं ना आठवड्यातले काही दिवस? मग झालं की! लॅपटॉप वर आणायचा, जिन्याच्या सावलीत मी टेबल टाकून देते, मीटिंग चालू असताना एक डोळा इकडे. कुणाला कळणार? पहाटे तू जीवामृत ढवळलंस की त्याला तेवढीच मदत. आणि एप्रिल-मेमध्ये कुठे जायचं नाही, हे आपलं साधं. फिरायला जा ना, कोण नाही म्हणतं, डिसेंबरात जा. माहेरी पण डिसेंबरातच बरं पडेल. लग्न मात्र आत्ता उरकून घेऊ, उन्हाळ्याच्या आत, म्हणजे यंदापासूनच सवय — काय झालं? बस ना, त्या विटेवर बस. काही बोलायचंय का तुला? बोल की. मी कधीची तेच म्हणायलेय, मोकळेपणानं बोल, मी त्यातली नाही.

...

काय म्हणालीस?

नाही नाही, नीट सांग. ओळख आहे म्हणजे? ऑफिसातून? — दीड वर्ष? मग ते मंडळाच्या ग्रुपवर — तूच पाठवलंस ते? त्याच्या सांगण्यावरून. अस्सं. आणि मी बोट ठेवलं. मी ह्यांना म्हटलं, ही मुलगी बघा हो, चेहऱ्यावरून सोज्वळ दिसते. तुझ्या आईबाबांना माहीत आहे हे? माहीत आहे. आणि ह्यांना? ह्यांना पण? म्हणजे सगळा गाव जागा आणि मी एकटीच झोपलेली. — दोडका. म्हणून ओळखलास तू. फोनवरून बघितलेली आहेस ना सगळी बाग, कुंडी न् कुंडी? मी आपली कौतुक करायलेय.

बरं. बरं, त्यात एवढं काय, चांगलंच आहे, ओळख असलेली बरी. मला काही जुन्या वळणाची समजू नक्को. उलट सोपं झालं, बोलणी करायला नकोत, तारीख तेवढी — अजून काय? अजून आहे काही? मग सांग एकदाच.

पुण्याला.

कुणाला, तुला बदली मिळाली? दोघांना. त्यानं घेतली? सही करून झाली. कधी? उगादीनंतर लगेच. म्हणजे भर उन्हाळ्यात. — ओंकार! ओंकार, इकडे बघ. ही काय म्हणायलीय? खाली मान घालू नक्को, पाइप ठेव हातातला, माझ्याकडे बघून सांग. खरं आहे?

...

हं.

आणि हे ठिबक — ते कशाला, ते आता मला सांगू नक्कोस. कळलं. आई तुला दगदग नको. एवढ्या नळ्या, एवढे रविवार. मी ग्रुपवर फोटो टाकले रे त्याचे, माझ्या मुलानं माझ्यासाठी केलं म्हणून. केलंसच की माझ्यासाठी. सगळ्या कुंड्यांना पोचलं पाणी? कोपऱ्यातल्या कारल्याला पण? मग चांगलं केलंस. नाही, रडत नाहीये मी. तू खाली जा, हात धू, साबण कपाटात वरच्या खणात ठेवलाय, घे. तुझ्या सासऱ्यांपाशी बस जरा, ते एकटे सापडलेत तुझ्या बाबांच्या तावडीत. जा म्हणते ना. आम्ही येतो दोघी.

गेला? दार लावलं त्यानं? बरं.

तू थांब जरा, प्राजक्ता. तुझ्यावर राग नाही माझा. आहे, खोटं कशाला बोलू, पण तो राहील बाजूला. तुला एक सांगून ठेवते, कारण आता तूच असणार आहेस तिथे. तो बोलत नाही, हे तुला कळलंच असेल. काय दुखतंय खुपतंय ते सांगायचा नाही. आणि त्याला ऊन सोसत नाही. दिसायला धडधाकट दिसतो, पण लहानपणापासून त्याचा घोळणा फुटतो उन्हात, नाकातून रक्त. जामबागेतल्या शाळेतून चालत यायचा तर कितीदा शर्टाची पुढची बाजू लाल. डोकं मागे नाही करायचं, लोक करतात, चुकीचं आहे. पुढे वाकवायचं, नाक दाबून धरायचं, टाळूवर गार पाणी. कांदा फोडून हुंगायला द्यायचा. घाबरायचं नाही, थांबतं ते. आता इतक्या वर्षांत काही झालं नाही, मोठेपणी जातं म्हणतात तसं गेलंय बहुतेक, पण तरी आपलं तुला —

काय? माहीत आहे? सांगितलं त्यानं?

बघितलंस? कधी बघितलंस? फोनवर बोलताना — तो कुठे होता तेव्हा? मागच्या मेमध्ये? दुपारी. बादली हातात होती.

एकदाच ना?

...

मी खाली असते गं दुपारी. ए.सी. लावून पडलेली असते. वरचं काही ऐकू येत नाही.

जा तू. खाली जा. पोहे गरम करून घ्या. मी येते मागून.

जा म्हटलं ना.